मिटणाऱ्या टेबलाची कुळकथा

२०१८ साली सिडकोने १४,८३८ घरांची सोडत जाहीर केली, तेव्हा तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली यांच्या जोडीला उरणजवळच्या द्रोणागिरीचंही नाव होतं. अत्यल्प उत्पन्न गटासाठी घराचं चटईक्षेत्र २५.८१ चौरस मीटर, अल्प उत्पन्न गटासाठी २९.८२. फुटांत सांगायचं तर २७८ आणि ३२१. आता सहा जणांचं साधं डायनिंग टेबल घ्या, पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद. त्याला स्वतःला जागा लागते १५ चौरस फूट. पण खुर्ची मागे सारून माणसाला उठता यायला हवं. त्यासाठी चारही बाजूंनी अडीच-अडीच फूट सोडले, की हिशेब दहा गुणिले आठ, म्हणजे ८० चौरस फुटांवर जातो. दिवसाकाठी तासभर होणाऱ्या जेवणासाठी अत्यल्प गटातल्या घराचा चौथ्या हिश्शाहून मोठा तुकडा गेला.

हा हिशेब मांडायला कोणी बसत नाही आणि टेबल घरात येतंच. येण्याचं कारण बहुतेक वेळा हौस नसून गुडघे असतात. आई-वडिलांना खाली बसलं की उठवत नाही, म्हणून टेबल घेतलं जातं. मग त्यावर इस्त्रीचे कपडे साठतात, मुलांच्या वह्या येतात, दुपारी भाजी निवडली जाते, घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप तिथेच कायमचा बसतो, आणि जेवायची वेळ झाली की सगळं उचलून पलंगावर. तरी रविवारी बदलापूरहून मावशी सहकुटुंब आली, की चौघांच्या टेबलाभोवती आठ जण कोंडाळं करून बसतात. एरवी जास्त आणि नेमक्या वेळी कमी पडणारी वस्तू, अशी या टेबलाची गत आहे. मिटणारं, वाढणारं, भिंतीला टेकणारं टेबल या अडचणीवरचा उपाय म्हणून विकलं जातं. तो उपाय कुठून आला, कोणाकोणाच्या हातांतून गेला आणि आपल्या घरात त्याचं नेमकं काय होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

संगीतात जशी घराणी असतात तशी या टेबलातही दोन आहेत, आणि ती वेगळी ओळखता आली नाहीत तर पुढचं सगळं गोंधळाचं होतं. पहिलं घराणं पाहुण्यांसाठी वाढणाऱ्या टेबलाचं, दुसरं जागेसाठी मिटणाऱ्या टेबलाचं.

पहिल्याचा जन्म ऐसपैस घरात झाला. सोळाव्या शतकात नेदरलँड्स आणि इंग्लंडकडच्या श्रीमंत घरांतून ओढफळीचं टेबल दिसू लागलं. मुख्य फळीच्या पोटात दोन टोकांना दोन फळ्या लपवलेल्या, उतरत्या पट्ट्यांवर बसवलेल्या. त्या बाहेर ओढल्या की वर चढत येतात, मुख्य फळी खाली बसते आणि तिन्ही एका पातळीत येतात. लोखंडाची पट्टी नाही, स्प्रिंग नाही, सगळी करामत लाकडाच्या उताराची. आज शोरूममध्ये ‘एक्स्टेंडेबल’ म्हणून जे दाखवतात, त्यातल्या पुष्कळांचं मूळ इथे आहे. पुढे १८०० साली लँकेस्टरच्या रिचर्ड गिलोने सरकत्या चौकटींच्या टेबलाचं पेटंट घेतलं. चौकटी एकीतून एक निघत जातात, टेबल मधोमध उघडतं आणि त्या फटीत जादा फळ्या बसवायच्या. १८३५ साली लंडनच्या रॉबर्ट ज्यूपने गोल टेबलाचं पेटंट घेतलं, आणि माझ्या मते या घराण्यातली सगळ्यात देखणी चीज तीच. गोल फळी आठ पाकळ्यांत कापलेली. ती हातांनी फिरवली की पाकळ्या एकदम बाहेर सरकतात आणि मधल्या फटींत जादा पाकळ्या ठेवता येतात. टेबल मोठं होतं तरी गोलच राहतं, यातली खुबी कळायला हातात करवत धरलेली असावी लागते. अलीकडे इंग्लंडच्याच डेव्हिड फ्लेचरने त्यावरून असं टेबल बनवलं, की जादा पाकळ्या आतच साठवलेल्या असतात आणि फिरवताना आपोआप वर येतात. किंमत आपल्या वन बीएचकेशी ताडून पाहू नये.

या सगळ्यांना जागेची चिंता नव्हती. घर मोठंच होतं, नोकरचाकर होते, जादा फळ्या ठेवायला खोली होती. चिंता होती ती एवढीच, की आज सहा पाहुणे आणि उद्या सोळा, तरी टेबल रिकामं दिसू नये आणि अपुरंही पडू नये. आपल्याकडे ही चिंता सरदार-संस्थानिकांनी उलट्या टोकाने सोडवली. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंद्यांच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढून पेयं फिरवत जायची. तिथे टेबलाने वाढायची गरजच नाही, आणि रूळ टाकलेलं टेबल मिटणार तरी कसं! दक्षिण गोव्यातल्या चांदरसारख्या गावांच्या मोठ्या घरांतही जेवणाची दालनं टेबलाच्या मापाची नसून टेबलं दालनाच्या मापाची असतात.

दुसऱ्या घराण्याची गोष्ट गरजेतून सुरू होते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये फाटकपायी टेबल रूढ झालं. मधली फळी अरुंद, दोन्ही अंगांना बिजागरीवर लोंबत्या फळ्या, आणि त्यांना आधार द्यायला फाटकासारखा उघडणारा पाय. जेवण झालं की फळ्या पाडून टेबल भिंतीशी सरकवायचं आणि खोली मोकळी. हे टेबल खोलीला दुसऱ्या कामासाठी सोडून देतं, हाच त्याचा खरा गुण.

या घराण्याची एक शाखा हिंदुस्थानात वाढली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. कंपनी सरकारचे आणि नंतर राणीचे अधिकारी छावणीतून छावणीत हलायचे, आणि त्यांच्याबरोबर सुटं होणारं सामान हलायचं. पाय फिरवून काढता येणारी टेबलं, दोन भागांत विभागणारी कपाटं, कातडी पट्ट्यांवर ताणलेल्या खुर्च्या. सारं उंटावर किंवा बैलगाडीवर चढेल असं. त्यातली रुरकीच्या लष्करी ठाण्याचं नाव लागलेली खुर्ची विशेष होती. तिला खिळा नाही, गोंद नाही. दांडे भोकांत नुसते बसवलेले, आणि माणूस बसला की त्याच्याच वजनाने सांधे घट्ट होतात. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. १९३३ साली कोपनहेगनमध्ये कोरे क्लिंटने हीच खुर्ची समोर ठेवून आपली ‘सफारी’ खुर्ची केली. क्लिंट १९२४ पासून तिथल्या कला अकादमीत फर्निचर शिकवत होता आणि पुढे जगभर ‘डॅनिश मॉडर्न’ म्हणून गाजलेली पिढी त्याच्या हाताखालची किंवा त्याच्या वळणाची होती. म्हणजे आज तुर्भ्याच्या किंवा भिवंडीच्या गोदामातून द्रोणागिरीत येणाऱ्या, बारीक पायांच्या ‘स्कँडिनेव्हियन’ टेबलाच्या पूर्वजांत आपल्या छावणीतली एक खुर्ची आहे. हे अभिमानाने सांगावं की खंतावून, ते वाचकाने ठरवावं. रुरकीची खुर्ची आपल्याकडे रुजली नाही एवढं खरं.

स्वीडनमध्ये ब्रुनो मॅथसनने १९३६ साली ‘मारिया’ हे टेबल केलं. मिटलं की त्याची जाडी वीतभर, उघडलं की लांबी सुमारे २८० सेंटिमीटर. दुसऱ्या घराण्याने पहिल्या घराण्याचं कामही करून दाखवलं ते इथे. आयकियाचं ‘नॉर्डेन’ त्याच रांगेतलं. बंद असताना २६ सेंटिमीटर, एक फळी उचलली की ८९, दोन्ही उचलल्या की १५२, आणि मधल्या जाड भागात खण. डिसेंबर २०२० मध्ये आयकियाचं दुकान तुर्भ्याला उघडलं, तेव्हापासून नवी मुंबईकराला ही कल्पना निदान हाताने उघडून पाहता येऊ लागली.

क्लिंट आणि मॅथसन यांच्याच काळात घरच बदलत होतं. पहिल्या महायुद्धानंतर फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्कीने १९२६ साली स्वयंपाकघर आखलं. १.९ बाय ३.४ मीटरची खोली, त्यात भिंतीवरून खाली पाडायचा इस्त्रीचा फळा. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. जपानात उझो निशियामाने कामगारांची घरं फिरून पाहिली, तेव्हा त्याला दिसलं की घर कितीही लहान असलं तरी माणसं जेवायची आणि झोपायची जागा वेगळी ठेवू पाहतात. तोवर तिथे पाय दुमडणारं बुटकं टेबल चालत होतं. जेवण झालं की ते उचलायचं आणि त्याच जागी अंथरूण. १९५१ च्या सरकारी घरांच्या नकाशात स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एकत्र आली आणि हळूहळू उंच टेबलाने बुटक्याला हटवलं. इटलीत जो कोलंबोने पुढे तर सगळं घरच एका पेटीत बसवण्याचे प्रयोग केले. ते पाहायला मोठे मौजेचे, पण त्यात राहायची कल्पना केली की जीव गुदमरतो, म्हणून पुस्तकात त्यांना दोनच पानं दिली आहेत.

जपानी बुटक्या टेबलापाशी मराठी वाचक थबकेल, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडे तर टेबलही नव्हतं. पाट होता, फणसाचा किंवा शिवणीचा. सावंतवाडीच्या चितारआळीतून आलेला असला तर लाखेने रंगवलेला. समोर ताट, सणावारी केळीचं पान. पाहुणे वाढले की पाट वाढायचे, पाट संपले की सतरंजीची पट्टी, आणि घर संपलं की पंगत पडवीत, तिथून अंगणात जायची. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, तरी तिथे बारशी, मुंजी झाल्या, कारण पंगत खोलीबाहेरच्या सामाईक पॅसेजमध्ये सरकत होती. पाट उभे करून भिंतीशी लावले की सगळं जेवणघर सहा इंचांत मावत होतं. युरोपने तीनशे वर्षं बिजागऱ्या आणि पट्ट्या लावून जे साधलं, ते इथे जमिनीवर बसल्यामुळे फुकट मिळत होतं. पंगतीचं कौतुक करताना तिच्यात कोण बसत होतं आणि कोणाला बसू दिलं जात नव्हतं, कोण आधी जेवत होतं आणि कोण वाढून दमल्यावर उरलेलं घेत होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. टेबलाने निदान बाईला खुर्ची दिली. तिने ती कितीदा वापरली हा प्रश्न निराळा.

द्रोणागिरीत या सगळ्या थरांची माती एकाच ठिकाणी सापडते, म्हणून अभ्यासाला हाच भाग घेतला. करंजा, चाणजे, फुंडे, बोकडविरा ही इथली जुनी आगरी-कोळी गावं. भातशेती, मिठागरं, मासळी. सिडको १९७० मध्ये आली, न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत उरणच्या शेतकऱ्यांनी रक्त सांडलं आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांच्या विकसित भूखंडांचं धोरण आलं, आणि द्रोणागिरीतल्या कितीतरी इमारती त्याच भूखंडांवर उभ्या आहेत. एका मजल्यावर जमीनमालकाचं कुटुंब, ज्यांच्या लग्नात अजून धवलारीण गाते आणि हळदीला शेकड्यांनी माणसं जेवतात. वरच्या मजल्यावर मुंबईतून आलेलं चौकोनी कुटुंब. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणची लोकल दोन्ही सुरू झाली, तेव्हापासून वरच्या मजल्यावरही पाहुण्यांचा राबता वाढला. दोघांचे हॉल सारख्याच मापाचे, आणि टेबलंही बरीचशी सारखी.

आता मुद्द्याची गोष्ट. दुकानात विचारलं की सांगतात, चारचं टेबल आहे, फळी ओढली की सहाचं होतं. वाढतं ते लांबीत. हे पहिलं घराणं. युरोपात जेवण एकेक पदार्थाने येतं, थाळी दहा-अकरा इंचांची, मधे फुलदाणी ठेवायला जागा उरते. आपलं मोठं ताट बारा-तेरा इंचांचं. अशा वाढत्या तयार टेबलाची रुंदी बहुधा अडीच फूट, म्हणजे तीस इंच. समोरासमोर दोन ताटं ठेवली की सव्वीस इंच गेले, कडेला एकेक इंच सोडला की अठ्ठावीस. मधे उरले दोन इंच, आणि त्यात भाताचं पातेलं, आमटीचा टोप, पोळ्यांचा डबा, लोणच्याची बरणी आणि तांब्या बसवायचा आहे. बसत नाही. म्हणून भांडी ओट्यावरच राहतात आणि वाढणारी बाई उभीच राहते. टेबल सहा फूट करा नाही तर आठ फूट, हे दोन इंच दोनच राहतात. आपल्या जेवणाला हवी ती रुंदी, आणि बाजार विकतो लांबी.

क्लिंटने भांड्यांचं कपाट आखायच्या आधी घरातल्या ताटल्या, पेले, चमचे मोजून काढले होते. ताट-वाटीचं तसं मोजमाप घेऊन तयार टेबल बाजारात आलेलं माझ्या पाहण्यात नाही. माणसं आपल्याकडे नव्हती असं नाही. जे. जे. त शिकून जर्मनीतल्या उल्मच्या शाळेत गेलेल्या सुधाकर नाडकर्णींनी १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत औद्योगिक अभिकल्प केंद्र उभं केलं. भारतीय शरीराची मापं देबकुमार चक्रवर्तींनी जमवली आणि ती १९९७ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीने छापली. पण ती शाळा एकीकडे आणि उल्हासनगरचा फर्निचर बाजार एकीकडे. बाजार चालतो तो कॅटलॉगवर, आणि कॅटलॉग ज्या घरासाठी काढलेला असतो ते घर आपलं नसतं.

फाटकपायी टेबलात मात्र रुंदी वाढवायची सोय मुळातच आहे. भिंतीशी एक फूट, एक फळी उचलली की जवळजवळ चौरस, तिघा-चौघांना तीन बाजूंनी बसता येतं आणि मधे टोप राहतो. दुसरी फळी रविवारची. म्हणून या पुस्तकाचा कल उघडपणे दुसऱ्या घराण्याकडे आहे. टेबल उघडल्यावर किती जण बसतात हे दुकानदार न विचारता सांगतो. मंगळवारी रात्री मिटलेल्या अवस्थेत ते कसं वागतं, हे इथे प्रत्येक नमुन्याला विचारलं आहे.

दुसरा प्रश्न हवेचा. खाडीवरची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. साधी लोखंडी चॅनल दोन पावसाळ्यांत कुरकुरायला लागते, मग एका बाजूची सरकते आणि दुसरी अडते, आणि घरातला मोठा माणूस गुडघ्याने ढकलून ती कायमची वाकवतो. त्यानंतर वाढणारं टेबल नुसतं टेबल होतं. एमडीएफच्या कडेची पट्टी सुटली की आत पाणी जातं आणि फळी फुगते. अस्सल सागही सुखासुखी वागत नाही. पावसात रुंदीत फुगतो, मेमध्ये आक्रसतो, आणि पलंगाखाली ठेवलेली जादा फळी वर्षभर उजेड न पाहिल्याने रंगाने वेगळी पडते. चंद्रपूर-बल्लारपूरकडचा साग परवडत नाही म्हणून तयार टेबलं बरीचशी रबराच्या झाडाच्या लाकडाची असतात. ते वाईट नाही, पण त्याला ओल सोसत नाही. गंमत अशी, की चांगल्या बिजागऱ्या आणि न गंजणाऱ्या पट्ट्या परदेशातून जिथे उतरतात ते न्हावा शेवा बंदर या घरांच्या खिडकीतून दिसतं, आणि द्रोणागिरीच्या रस्त्यांवर कंटेनरच्या रांगा लागलेल्या असतात. गल्लीतल्या सुतारापर्यंत यातलं फारसं पोचत नाही. तो आपला फेव्हिकॉल, प्लाय, सनमायका आणि पियानो बिजागरीवर काम भागवतो, आणि बऱ्याचदा ते दुकानी टेबलापेक्षा जास्त टिकतं, कारण बिघडलं तर दुरुस्त करणारा तोच असतो.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने नाही. सुरुवात सांध्यांपासून आहे. कुसू, खोबण, बिजागरी, सरकती पट्टी, उतार. एकेक सांधा कोणत्या घरातून आला आणि कोणत्या घरात अडतो, असं ते पुढे जातं. शैलींचा इतिहास त्या ओघात येतो. महागडी इटालियन टेबलं जिथे एखादी युक्ती शिकवतात तिथे आहेत, नुसती दाखवायला नाहीत. द्रोणागिरीतल्या घरांचे नकाशे मूळ मापांसह दिले आहेत, घरमालकांची नावं मात्र दिलेली नाहीत. काही घरांत टेबल काढून पुन्हा पाट आणले आहेत. त्यांच्याकडे जुन्याची ओढ म्हणून बघू नये, त्यांनी जागेचा हिशेब करूनच ते केलं आहे. उलट, गुडघे गेलेल्या माणसाला पाटाचं कौतुक सांगू नये, असाही एक भाग आहे.

सुताराला पुस्तक हातात धरून काम करता यावं म्हणून आकृत्यांतली मापं इंच-सुतात दिली आहेत आणि मिलिमीटर शेजारी लहान आकड्यांत. आठ सुतांचा इंच हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी शेवटचा तक्ता आधी पाहून घ्यावा. आणि फळी कापायला देण्याआधी आपल्या घरातलं सगळ्यात मोठं ताट मोजून तो आकडा तक्त्याशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावा, पुढच्या सगळ्या आकृत्यांत तो लागणार आहे.